बैलाच्या खुराला पत्री, धन्याच्या पायाला काय?

(एका कृषी अधिकाऱ्याकडून, सोलापूर)

दसरा उलटला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या हंगामाची लगबग सुरू होते. ऊस वाहणारा गाडीवान गाडीची डागडुजी करतो, सापत्या-जुपण्या नव्या करतो आणि बैलांना पत्र्या मारून घेतो. हे काम पाहण्यासारखे असते. नालबंद बैलाला दोरांनी बांधून आडवा पाडतो, खूर तासून सारखा करतो, खुराच्या दोन्ही भागांवर पत्री ठेवून पाहतो. एखादी मोठी वाटली तर ती बाजूस सारून दुसरी घेतो, आणि ती नेमकी बसते अशी खात्री झाल्यावरच खिळे ठोकतो. पत्री मोठी झाली तर बैल ठेचकाळेल, लहान झाली तर खूर दुखेल, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

पंढरपूर तालुक्यातील एका गावी हा प्रकार मी पाहत उभा होतो. बैलांचा धनी शेजारीच होता. त्याच्या पायात झिजून कागदासारखी पातळ झालेली रबरी चप्पल होती आणि एका पायातील पट्टा तारेने बांधलेला होता. तो सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत होता. मी विचारले, "तात्या, पाय दुखतो काय?" तो हसून म्हणाला, "दोन वर्सं झाली, टाच धरलीय. पायाचं काय घेऊन बसलाय, सायब! बैल लंगडला तर कारखान्याची खेप बुडते. माझा पाय दुखला तर काय बुडतंय?"

त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे तात्यांना द्यावयाचे राहून गेलेले ते उत्तर होय.

शेतीच्या पत्रिकेत हा विषय कशासाठी?

बियाणे, खते, पाणी आणि कीड यांविषयी लिहावयाचे सोडून कृषी खात्याच्या माणसाने चपलांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या शेतीतील बहुतेक कामे अजूनही माणसाच्या पायांवर उभी आहेत. डाळिंबाच्या बागेत छाटणी करणारा माणूस दिवसभर उभा असतो. रब्बी ज्वारीच्या काढणीस लागलेली मजूर स्त्री काळ्या रानातील भेगा आणि ढेकळे तुडवीत दिवस काढते आणि सायंकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन घरी परतते. उसाला रात्रीच्या पाळीने पाणी देणारा शेतकरी ओल्या सरीतून बांधापर्यंत कितीदा ये-जा करतो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. ज्याचा पाय दुखतो तो माणूस कामावर येतो खरा, पण सरीच्या शेवटच्या टोकापर्यंत जात नाही. झाडाच्या पलीकडच्या बाजूची फांदी पाहावयाची राहते आणि किडीचा प्रादुर्भाव दोन दिवस उशिरा लक्षात येतो. हे नुकसान कोणत्याही वहीत लिहिले जात नाही, म्हणून ते नाही असे मात्र नव्हे.

माझे मत असे आहे की पायताण हे शेतीचे अवजार आहे. कोळप्याचा दांडा किती लांब असावा, विळ्याची मूठ हातात कशी बसावी, याचा आपण विचार करतो. दिवसातून दहा तास जे अवजार अंगाला लागून असते, ते मात्र आठवड्याच्या बाजारात अंदाजाने उचलून आणतो. मापाचे व आधार देणारे पायताण वापरल्यास पायाचे जुनाट दुखणे पुष्कळ अंशी हलके होते. ते सर्वस्वी जाईलच असे मी म्हणत नाही. परंतु ज्या दुखण्याचे एक मोठे कारण आपणच पायात घालून हिंडतो, ते दैवाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

टाच का धरते?

माणसाच्या एका पावलात २६ हाडे आहेत. ती कमानीच्या आकारात रचलेली आहेत. धनुष्याला जशी दोरी, तसा या कमानीला खालून एक चिवट पट्टा ताणून धरतो. हा पट्टा टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळापर्यंत जातो. पाऊल टेकले की कमान किंचित दबते, पट्टा ताणला जातो आणि पुढचे पाऊल उचलताना तोच पट्टा पायाला टणकपणा देतो. चालताना शरीराच्या वजनाहून थोडा अधिकच भार पायावर येतो. डोक्यावर भारा असला तर त्याचीही त्यात भर पडते.

असा ताण रोज, विश्रांतीवाचून आणि कठीण जमिनीवर पडत राहिला म्हणजे टाचेपाशी, जेथे पट्टा हाडाला जोडलेला असतो, तेथे तो दुखावतो. रात्री निजल्यावर तो आखडतो. त्यामुळे पहाटे उठून पहिली चार पावले टाकताना टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, थोडे चालल्यावर ती कमी होते आणि सायंकाळी पुन्हा वाढते. ज्यांना असे होते त्यांनी ओळखावे की बहुधा दुखणे या पट्ट्याचे आहे. सपाट तळवा, फार उंच कमान, वाढलेले वजन, आखडलेली पोटरी आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम यांमुळे ते बळावते. बोटांच्या मुळाशी होणारी आग, अरुंद बुटाने अंगठ्याच्या सांध्यावर आलेला उंचवटा आणि करंगळीवरचे कुरूप यांची कारणे निराळी असली, तरी त्यांतही पायताणाचा वाटा असतोच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट घडली आहे. पूर्वी घरातील जमीन मातीची आणि शेणाने सारवलेली असे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी आपल्याकडे स्वस्त मिळू लागली आणि ती घरोघरी आली. पुढे सिमेंटचा कोबा आणि गुळगुळीत टाइल्सही आल्या. स्वच्छतेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु पहाटेपासून अनवाणी पायांनी फरशीवर वावरणाऱ्या गृहिणीच्या टाचेला सारवलेल्या जमिनीचा मऊपणा आता मिळत नाही. बाहेर डांबरी सडक आणि घरात दगड, यांच्यामध्ये पायाला विसावा असा उरलेला नाही.

माझा स्वतःचा अनुभव

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर ते खरे होणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला आणि जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांची शेती पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांसाठी आम्हा सर्वांना शेतोशेत हिंडावे लागले. रस्ते वाहून गेलेले, शेतात गुडघाभर गाळ. गाडी लांब उभी करून रोज कित्येक किलोमीटर पायी जावे लागे. पायात मी एक पातळ तळव्याची, सपाट आणि सैल चप्पल घालीत असे. चिखलात ती धुवावयास सोपी, एवढाच तिचा गुण. चप्पल पायातून निसटू नये म्हणून बोटांनी ती घट्ट धरून चालावे लागे.

दिवाळीच्या सुमारास माझी उजवी टाच धरली. मलम चोळले, विटेचा शेक घेतला, वेदनाशामक गोळ्या घेतल्या. गोळीचा अंमल असेपर्यंत बरे वाटे. ज्यांची अख्खी शेती वाहून गेली त्यांच्यापुढे आपल्या टाचेचे रडगाणे काय गावे, असे वाटून मी कोणास काही बोललो नाही. शेवटी एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाय तपासण्यापूर्वी दाराबाहेर काढून ठेवलेली माझी चप्पल आत मागविली, दोन्ही हातांनी ती ओले फडके पिळावे तशी पिळून दाखविली आणि म्हणाले, "ही वस्तू तुमच्या पायाला आधार देत नाही, तुमचाच पाय हिला आधार देतो आहे."

मी बूट बदलले. टाचेला घट्ट धरणारे, बंद बांधावयाचे आणि आत मऊ तळवा असलेले बूट घेतले. घरात फरशीवर वापरण्यासाठी निराळी चप्पल ठेवली. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम नित्यनेमाने केला. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. महिन्याने पहाटेची कळ सौम्य झाली आणि तीन महिन्यांनी मी दुखणे विसरून शेतात चालू लागलो. अजूनही एखाद्या दिवशी फार उभे राहणे झाले तर टाच आठवण करून देते.

शास्त्र काय सांगते?

एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे आपण वाणांच्या चाचण्यांत नेहमी सांगतो. तेव्हा पायाच्या बाबतीतही तोच नियम पाळला पाहिजे. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काहींना बुटात घालण्यासाठी नुसता पातळ मऊ तळवा दिला, काहींना बाजारात तयार मिळणारा आधाराचा तळवा दिला, तर काहींना पायाच्या मापाने खास घडविलेला महाग तळवा दिला. तीन महिन्यांनी आधाराचे तळवे वापरणाऱ्यांचे चालणे-फिरणे अधिक सुधारलेले आढळले. तयार तळवा व महाग तळवा यांत मात्र विशेष अंतर दिसले नाही. वर्षअखेर तिन्ही गटांतील फरक जवळजवळ नाहीसा झाला.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की पुष्कळांची टाचदुखी काळाने ओसरते, पायताण तिचे वाईट महिने सुसह्य करते. कोणी म्हणेल, मग वर्षभर सोसावे, खर्च कशाला? परंतु शेतकऱ्याचे एक वर्ष म्हणजे एक खरीप आणि एक रब्बी. ते लंगडत काढणे परवडण्यासारखे नाही. शिवाय ज्या चपलेमुळे दुखणे वाढते तीच पायात राहिली, तर ते पुन्हा उद्भवण्याचे भयही राहते. दुसरी गोष्ट ही की हजारो रुपयांच्या वस्तूची गरज बहुतेकांना नाही. योग्य माप आणि साधा आधार यांनी पुष्कळ काम होते.

मापाविषयी आणखी एक महत्त्वाची माहिती आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एक आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की शेकडा ६३ ते ७२ लोकांचे बूट लांबीला किंवा रुंदीला पायाशी जुळत नव्हते. आपल्या देशात तर विलायती क्रमांकांवरून पायताणे घेण्याची रीत पडली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाऊल सामान्यतः अधिक रुंद असते असे त्यांत आढळले आणि त्यावरून 'भा' या नावाची भारतीय मापपद्धती सुचविण्यात आली. पाय रुंद आणि बूट अरुंद, म्हणून रुंदी साधण्यासाठी आपण एक क्रमांक मोठा बूट घेतो. मग तो लांबीला सैल होतो आणि टाच आत घसरत राहते. दुकानात जे 'बसले' असे वाटते ते पुष्कळदा असेच चुकीचे बसलेले असते.

पायताण कसे पारखावे?

बी पेरण्यापूर्वी आपण उगवण तपासतो, त्याचप्रमाणे पायताण घेण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. खरेदी सायंकाळी करावी. दिवसभराच्या कामाने पाय किंचित सुजतो. सकाळी नेमके बसलेले पायताण सायंकाळी आवळते.

२. दोन्ही पायांत घालून, उभे राहून पाहावे. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरावे.

३. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत.

४. बूट असल्यास त्याची मागची बाजू अंगठ्याने दाबून पाहावी. ती चटकन आत दबली तर टाचेला आधार मिळणार नाही.

५. पायताण हातात घेऊन वाकवावे. बोटांच्या मुळाशी जेथे पाय वाकतो तेथेच ते वाकले पाहिजे. मध्येच दुमडणारे किंवा फडक्यासारखे पिळले जाणारे पायताण घेऊ नये.

६. टाच पुढच्या भागापेक्षा किंचित, म्हणजे सुमारे एक ते दोन सेंटिमीटर उंच असावी. अगदी सपाट नको आणि फार उंचही नको.

७. चप्पल असल्यास तिला टाचेमागून पट्टा असावा. बोटांनी आवळून धरावी लागणारी चप्पल दिवसभराच्या कामाची नव्हे.

८. नवे पायताण प्रथम दोन-चार दिवस घरी थोडा थोडा वेळ वापरावे. आळंदीहून व देहूहून पंढरपूरची वाट चालणारा जुना वारकरी नव्या चपलेने वारीला निघत नाही. कित्येक दिवसांची मजल ज्याला करावयाची आहे त्याचे हे शहाणपण आपणही घ्यावे.

पाणी देताना किंवा फवारणीच्या वेळी जे उंच रबरी बूट घालतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. ढगळ रबरी बुटात पाय घसरतो आणि फोड येतात. आत सुती मोजा घालावा आणि काम संपताच पाय कोरडे करावेत. मापाच्या बंद बुटाने काटा, सड आणि घोणस-फुरशासारखे विषारी साप यांपासूनही पायाचे रक्षण होते, हा अधिकचा लाभ समजावा.

तळवा झिजून एका बाजूस कलला की पायताण वरून धड दिसले तरी त्याचे काम संपले असे मानावे. झिजलेला फाळ आपण जसा बदलतो तसेच हे आहे.

पायताणाइतकाच व्यायामही आवश्यक आहे. पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा आणि हाताने पायाची बोटे वर, नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत. असे दहा वेळा करावे आणि दिवसातून तीनदा करावे. तसेच भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणावी. यास खर्च काही येत नाही.

घरातील स्त्रीचे पायताण

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. मोहोळ तालुक्यातील एका डाळिंब बागेत आमची सभा होती. बागमालकाची पत्नी चहा घेऊन आली तेव्हा ती पाय ओढीत चालत होती. तिच्या पायात नवऱ्याची जुनी चप्पल होती आणि ती तिला दोन बोटे मोठी होती. मी विचारले, "वहिनी, तुमच्या मापाची चप्पल नाही का?" त्या म्हणाल्या, "मला बाजारात जायला कुठं सवड असती? हे आणतात अंदाजानं. नाय बसली तर अशीच वापरायची." बागमालक आमच्या शेजारीच बसले होते. त्यांनी त्याच महिन्यात ट्रॅक्टरला नवे टायर घातले होते आणि त्यांचे माप त्यांना तोंडपाठ होते.

शेतातले आणि घरातले मिळून स्त्रीच्या पायाखालून पुरुषापेक्षा कमी जमीन जात नाही. निंदणी, वेचणी, काढणी, पाणी, गुरे, चूल, सारे तिच्या पायांवर चालते. परंतु घरात नवे पायताण यावयाचे झाल्यास तिची पाळी शेवटी येते आणि तिचे माप कोणी विचारीत नाही. म्हणून एक साधी युक्ती सांगतो. कागदावर पाऊल ठेवून, उभे राहून, पेन्सिलीने त्याची कड आखावी आणि तो आकार कापून घ्यावा. बाजारात जाणाऱ्याने हा कागद खिशात न्यावा. चपलेवर किंवा बुटाच्या आत तो ठेवून पाहावा. कागद दुमडला किंवा कडेबाहेर आला तर ते पायताण परत ठेवावे. त्या सभेच्या शेवटी आम्ही वहीच्या पानावर असे माप घेतले. पुढच्या खेपेस मी गेलो तेव्हा वहिनींच्या पायात मागून पट्टा असलेली त्यांच्या मापाची चप्पल होती. दुखणे गेले का, असे विचारता त्या म्हणाल्या, "समदं नाय गेलं. पण आता सकाळी भिंत धरावी लागत नाय."

काही आक्षेप

"आमचे वाडवडील अनवाणी चालले, त्यांना काय झाले?" असे वृद्ध मंडळी विचारतात. मऊ मातीवर लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्याचा पाय बळकट होतो हे खरे आहे. परंतु आपण ती जमीन मागे ठेवली आणि डांबर व दगड पायाखाली घेतले. शिवाय वाडवडिलांना काहीच झाले नाही हेही खरे नव्हे. टाचांच्या भेगा, बाभळीचे काटे, मातीतून तळव्यावाटे शरीरात शिरणारे अंकुशकृमी हे सारे त्यांनी सोसले. सोसले म्हणजे त्रास नव्हता असे नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो मी आदराने घेतो. काळ्या आईवर पेरणी करताना, खळ्यात रास लागली असताना, देवघरात आणि चुलीपाशी आपण पायताण घालीत नाही. हा भाव मोडावा असे माझे म्हणणे नाही. ते प्रसंग अनवाणीच साजरे व्हावेत. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत, बांधावर, सडकेवर आणि फरशीवर पायाला आधार देण्यास कोणता देव कोपणार आहे? घरासाठी एक निराळी, बाहेर कधीही न नेलेली, मऊ तळव्याची चप्पल ठेवली तर स्वच्छताही राखली जाते आणि टाचही वाचते.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो सर्वांत खरा आहे. परंतु दर चार महिन्यांनी तुटणाऱ्या चपला आणि गोळ्या-मलमांचा खर्च यांची बेरीज एकदा मांडून पाहावी. तरीही नवे घेणे शक्य नसेल, तर असलेल्या बुटात आधाराचा तयार तळवा घालावा, चपलेला टाचेमागून पट्टा शिवून घ्यावा आणि सर्वांत सपाट व झिजलेली जोडी आधी टाकून द्यावी.

आपला चर्मकार आपल्या जवळ आहे

यासाठी शहराकडेच धाव घेतली पाहिजे असे नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा यांबरोबर सोलापूर जिल्ह्याचाही त्यात समावेश झाला. कर्नाटकातील चार जिल्हेही त्यात आहेत. म्हणजे हातांनी चामड्याची चप्पल घडविण्याचे कसब आपल्या मातीतले आहे. पारंपरिक कोल्हापुरी सपाट आणि कठीण असते, म्हणून ज्याची टाच धरली आहे त्याने ती जशीच्या तशी दिवसभर वापरू नये. परंतु जो कारागीर पायावरून माप घेऊन चप्पल शिवतो, त्याला टाच किंचित उचलून देणे, आत मऊ तळवा बसविणे, मागून पट्टा जोडणे अवघड नाही. कारखान्यातून येणारी जोडी क्रमांकाची असते, गावच्या कारागिराची जोडी माणसाची असते. चर्मकारांच्या साहाय्यासाठी १९७४ मध्ये स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ राज्यात आहे. शेतकऱ्याच्या कामाचे, आधार देणारे आणि स्वस्त पायताण हा विषय अशा संस्थांनी हाती घेतल्यास दुहेरी लाभ होईल, शेतकऱ्याची टाच वाचेल आणि कारागिराची आरी थांबणार नाही.

पायताणाने न भागणारे दुखणे

प्रत्येक पायदुखीवर चप्पल हा उपाय नव्हे. पाय सुजून लाल व गरम झाला असेल, रात्री निजल्यावरही कळ थांबत नसेल, मार लागल्यावर पाय टेकवत नसेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. त्यांच्या पायाची जाणीव मंदावलेली असू शकते. खडा टोचला तरी कळत नाही आणि लहानशा जखमेतून पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी अनवाणी मुळीच चालू नये, घालण्यापूर्वी पायताणात हात घालून पाहावे आणि रोज रात्री तळवे उजेडात तपासावेत. दिसत नसेल तर घरातील मुलाला पाहावयास सांगावे.

कार्यकर्त्यांस विनंती

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या शेतकरी सभेत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. सभेत बसलेल्यांच्या चेहऱ्यांबरोबर दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलाही एकदा पाहाव्यात. कोणती एका बाजूस झिजली आहे, कोणती तारेने बांधली आहे, कोणती दुसऱ्याच्या मापाची आहे, हे पाहताच कोणाचा पाय दुखतो ते न विचारता कळेल. कागद व पेन्सिल सोबत ठेवावी. महिला मंडळाच्या बैठकीत पावलांचे आकार आखून देण्यास अर्धा तास पुरतो. आणि प्रथम आपल्या स्वतःच्या पायांकडे पाहावे, कारण दिवसभर बांधावरून हिंडणारे आपणही त्यांच्याच पंक्तीतले आहोत.

तात्यांना आता माझे उत्तर असे आहे: "बैल लंगडला तर एक खेप बुडते. तुमचा पाय लंगडला तर बैलाला वैरण घालणारा, पत्री मारून घेणारा, गाडी जुंपणारा माणूसच मागे राहतो. मग खेप कोण करणार?" येत्या हंगामापूर्वी बैलांना पत्र्या मारावयास न्याल, त्याच दिवशी स्वतःच्या आणि घरधनिणीच्या पावलांचे माप कागदावर आखून घ्या. नालबंद बैलाच्या खुरासाठी जितकी तोशीस घेतो, तितकी आपण आपल्या माणसांच्या पायांसाठी घेतली तरी पुष्कळ होईल.